खाडीच्या गाळावर पहिला भराव घालताना

उरण-पनवेलकडच्या खाडीच्या चिकणमातीवर रस्त्याच्या भरावाचं पहिलंच काम मिळालंय ना? घाबरू नकोस. सुरुवातीला एवढंच पक्कं धर.

जिओग्रिड, म्हणजे भरावाखाली अंथरायची मजबूत जाळी, खचणं थांबवत नाही, हे आधी डोक्यात बसव. ती भराव कडेला सरकून फाटू देत नाही, तिचं काम तेवढंच. चिकणमातीतलं पाणी निघेल तसा भराव खचणारच. त्यासाठी पीव्हीडी (पाणी बाहेर काढायला मातीत उभ्या खुपसायच्या निचऱ्याच्या पट्ट्या) आणि थांबायची तयारी लागते.

- जिओग्रिडच्या रोलची ताकदीची दिशा, म्हणजे ज्या दिशेने ती जास्त ताण घेते ती, रस्त्याला आडवी हवी. नवखे हमखास रस्त्याच्या लांबीने रोल उलगडतात, कारण ते सोपं पडतं. त्या आडव्या दिशेत मध्ये जोडही नको.
- वरचा गवत-मुळांचा थर खरवडू नकोस. तोच पहिला आधार.
- डंपर उघड्या जाळीवर कधीच नाही. टाकलेल्या मुरमावरूनच हलक्या डोझरने माल पुढे ढकल. एका साइटवर चाक रुतलं, तेव्हा जाळीच्या फासळ्या तटातट तुटताना मी पाहिल्यात.

सेटलमेंट प्लेटचं (भराव किती खचला ते मोजायच्या प्लेटचं) रीडिंग रोज स्वतः घे. पायथ्याशी जमीन फुगलेली दिसली, की त्याच क्षणी भराव थांबव, मुदत कितीही जवळ आलेली असो. डिझाइनची गणितं नंतर बघू. पहिल्या आठवड्याची रीडिंग मात्र नक्की पाठव.