योग रोजच्या जगण्यात: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: क्लासमध्ये यम-नियम (अहिंसा, सत्य, संतोष असे योगातले वागण्याचे नियम) शिकवले तेव्हापासून ऑफिसात अडकल्यासारखं होतंय. साहेब लवकर घरी निघून जातात आणि क्लायंटला 'मीटिंगमध्ये आहेत' असं मला सांगायला लावतात. स्वतःसाठी खोटं बोलत नाही, तरी सत्य मोडतं का? आणि टीमच्या ग्रुपवर एका मुलाची कायम खेचतात, मी काहीच लिहीत नाही, फक्त हसायचा इमोजी टाकते. यात माझी हिंसा कुठे आली?

उत्तर: इमोजीपासूनच सुरू करू, खरी गोम तिथेच आहे. योगसूत्रांच्या दुसऱ्या भागात, म्हणजे साधनपादात, 34व्या सूत्रात पतंजली म्हणतात की हिंसा वगैरे तीन तऱ्हेने होते, कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि दुसऱ्याने केल्यावर आपण मान डोलावलेली. त्यात लोभ, क्रोध, मोह ही कारणं आणि सौम्य, मध्यम, तीव्र या पायऱ्या, असं गुणत गुणत व्यासभाष्यात, म्हणजे या सूत्रांवरच्या जुन्या टीकेत, 27 प्रकार निघतात. (एवढा हिशोब कशाला असं वाटतं, पण आपल्या पळवाटाही काही कमी नसतात!) तुमचा इमोजी अनुमोदितात बसतो. सौम्य आहे, कबूल, पण त्या मुलाच्या फोनवर तो इतरांसारखाच दिसतो ना.

त्याच्या आदल्या सूत्रात प्रतिपक्षभावना सांगितलीय, चुकीची ऊर्मी आली की तिच्या उलट बाजूचा विचार करायचा. म्हणजे बोट इमोजीवर गेलं की तो हे वाचतोय असं क्षणभर डोळ्यासमोर आणा, बहुतेक वेळा बोट आपोआप मागे येईल. ग्रुपवर लेक्चर मात्र देऊ नका हं, त्यात आपलाच अहंकार जास्त असतो, त्यापेक्षा त्याच्याशी वेगळं दोन शब्द बोला.

आता साहेब. त्यांच्याकडून ते कारित आणि तुमच्याकडून कृत, त्यामुळे 'माझ्यासाठी नाही' म्हणून सुटका नाही. भाष्यात असंही आहे की ज्या बोलण्याने जीवांचा घात होतो ते सत्य नव्हे, आणि लोक याच वाक्याचा आधार घेऊन सोयीचं खोटं खपवतात. इथे कुणाचा जीव वाचतोय? नुसती सोय आहे. 'ते आत्ता भेटणार नाहीत, निरोप घेऊ का?' एवढं म्हटलं की झालं, हे खरंही आहे आणि साहेबांची अब्रूही जात नाही. पण उद्या पैशांबद्दल किंवा डिलिव्हरीच्या तारखेबद्दल खोटं सांगायला लावलं तर शब्द फिरवून भागणार नाही, तेव्हा केबिनमध्ये जाऊन सरळ 'हे मला जमणार नाही' म्हणायचं. कठीण आहे, नोकरीचा प्रश्न असतो, म्हणून सवय छोट्या फोनपासूनच लावलेली बरी.

प्रश्न: संतोष, म्हणजे आहे त्यात समाधान, पाळायचा तर प्रमोशन मागायचं नाही का?

उत्तर: मागा की! ज्या सूत्रात संतोष आहे त्यातच त्याच्या लगेच पुढे तप आहे, म्हणजे कष्ट टाळायला कुणी सांगितलेलं नाही. केलेलं काम मांडा, हक्काने मागा, आणि नाही मिळालं तर शेजारच्या टेबलवाल्याचा पगार काढत रात्र घालवू नका.