लॅब्राडॉरचे केस घरभर पडतात, पूर्ण भादरून टाकला तर प्रश्न सुटेल का?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात गोडोलीला फ्लॅट आहे, लॅब्राडॉर दोन वर्षांचा आहे, सोफ्यापासून आमटीपर्यंत सगळीकडे केस आहेत आणि सासूबाई म्हणतात, ‘घरात एक तर तो राहील, नाहीतर मी.’ म्हणून मशीन फिरवून त्याला सफाचट करायचा विचार चाललाय.

भादरू नका. मी ते करून बसलेय.

मी सांगलीत खणभागात राहते, घरीच शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल, पिको. आमचा बंड्या पांढराशुभ्र. गल्ली त्याला पॉमेरियन म्हणते, आहे तो इंडियन स्पिट्झ. आता पांढरं कुत्रं आणि पिकोला आलेली काळी इरकल, काय होणार सांगा. एका गिऱ्हाइकानं साडी घरी नेऊन उलगडली आणि तशीच परत आणली. “वहिनी, ही नेसू का हिची वेणी घालू?” बाई हसत बोलली, पण तिची पुढची साडी माझ्याकडे आली नाही.

त्याच आठवड्यात आटपाडीकडचे घोंगडीवाले मामा दारात आले होते. त्यांनी बंड्याकडे बघून निकाल दिला, “मेंढरागत भादरून टाका की ओ ताई. आमी वरसातनं दोनदा भादरतोय.” मला पटलं. एप्रिलात एकाला बोलावून मशीन फिरवून घेतलं.

मामांचं मेंढरापुरतं बरोबर होतं. मेंढराची लोकर वाढतच राहते, म्हणून कातरावी लागते. कुत्र्याचा केस ठरावीक लांबीपर्यंत वाढतो, मग थांबतो, मग गळतो आणि त्या जागी नवा येतो. कापला तरी हे चक्र चालूच राहतं. लांब केसाऐवजी तुटका केस पडतो, एवढाच फरक. आणि तुटका केस जास्त छळतो. लांब केसाचा निदान पुंजका होतो, आखूड केस सुईसारखा सतरंजीत घुसून बसतो. त्यात स्पिट्झ काय आणि लॅब काय, दोघांच्याही अंगावर केसांचे दोन थर असतात, वर राठ आणि खाली मऊ लव. वरचा थर अंगाला ऊन लागू देत नाही. भादरल्यावर चार दिवसांत बंड्याची पाठ गच्चीवरच्या उन्हानं लाल झाली. गणपती आले, दिवाळी झाली, तरी कमरेवर केसांचा पत्ता नव्हता. नंतर आले तेही गोधडीसारखे, कुठे दाट, कुठे विरळ.

तेव्हा गळती बंद होणार नाही हे धरून चाला. आपल्या हातात एवढंच आहे की केस घरात पडायच्या आधी बाहेर काढून घ्यायचा. दिवस लहान-मोठा होतो तसे कुत्री केस टाकतात, म्हणून ऋतू बदलताना गळती वाढते. पण आपल्या घरात रात्री अकरापर्यंत दिवे चालू, त्यामुळे घरातलं कुत्रं बारा महिने थोडं थोडं टाकतच राहतं.

बंड्याला मी बारीक तारांचा ब्रश वापरते. तुमच्या लॅबला बोथट रबरी दात्यांचा ब्रश किंवा हातमोजा चालेल, आणि गळती जोरात असेल तेव्हा आतली लव ओढणारी लांब दात्यांची फणी. तारांचा ब्रश घेतलात तर आधी स्वतःच्या हातावर फिरवून बघा. आपल्याला बोचतो तो त्यालाही बोचतो.

जागा गच्ची किंवा बाल्कनी. खाली कालचा ‘पुढारी’ पाण्यानं ओला करून अंथरायचा, केस त्यालाच चिकटतात, उडत नाहीत. (हा शोध माझा. नवरा अजून हसतो.) बंड्याला मांडीशी उभा करायचा, डाव्या हातानं केस उलटे वर धरायचे आणि खालून एकेक पट्टा सोडत कातडीपासून बाहेर विंचरत यायचं. नुसता वरून ब्रश फिरवला तर वरचे केस चमकतात आणि आतली लव तशीच राहते. कानामागे आणि मांडीच्या मागच्या झुपक्यात गाठी असतात, तिथे ओढायचं नाही, बोटांनी सोडवायचं. तुमच्या लॅबच्या केसांत गाठी होणार नाहीत, तेवढा त्रास वाचला. दहा मिनिटं, दिवसाआड. पहिल्या दिवशी एवढी लव निघाली की उशी भरली असती.

आंघोळ महिन्यातून एकदा पुरे. विंचरून मगच घाला, आणि मोरीच्या जाळीवर जुना पायमोजा चढवा. आपला शाम्पू नको. त्यांची कातडी आपल्यापेक्षा कमी आम्ल असते, आपल्या शाम्पूनं ती कोरडी पडते आणि खाज सुटते.

घरात कोरडा झाडू मारू नका, केस हवेत उडून पुन्हा खाली बसतो. आधी ओलं पोछा-कापड. सोफ्यावर भांडी घासायचा रबरी हातमोजा ओला करून एकाच दिशेनं ओढा, केसांची सुरळी होऊन हातात येते. कपडे मशीनमध्ये टाकायच्या आधी कोरडेच झटका. माझ्या शिलाई मशीनच्या बॉबिन केसमध्ये रोज दोन-चार केस निघतात, त्याला मात्र मला अजून इलाज सापडलेला नाही.

खाण्याचंही बघा. केस म्हणजे मुख्यतः प्रथिनंच. आमच्याकडे पूर्वी दूध-भाकरीवर भागायचं. उकडलेलं अंडं आणि चिकन सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांत बंड्याच्या केसांत फरक दिसला.

एक मात्र तपासा. केस सगळीकडून सारखे जातायत, की चट्टे पडतायत? चट्टा, लाली, वास, सतत खाजवणं, किंवा दोन्ही कुशींवर सारखंच विरळ होणं, हे साधं गळणं नव्हे. खरूज, नायटा, गोचीड, पिसवा, थायरॉइड, काहीही असू शकतं. सरळ जनावरांच्या दवाखान्यात न्या. आमच्या गल्लीत एकानं खरजेवर गाडीचं जळकं ऑइल चोपडलं होतं. कुत्रं ते चाटतं आणि पोटात विष जातं. असले उपाय कुणी सांगितले तर ऐकू नका.

सासूबाईंना नुसता पसाऱ्याचा राग आहे, की खरंच शिंका आणि धाप आहे, हे आधी विचारून घ्या. राग असेल तर वरचं सगळं पुरेल. धाप असेल तर गोष्ट वेगळी, कारण ती ॲलर्जी केसाची नसते. कुत्र्याच्या अंगाचा कोंडा आणि लाळ यांतल्या प्रथिनांची असते, केस कितीही झाडले तरी ती उरते. मग त्यांच्या खोलीत कुत्र्याला बंदी, पांघरुणं दर आठवड्याला गरम पाण्यात, विंचरायचं काम दुसऱ्या कुणाकडे, आणि त्यांना डॉक्टरांकडे न्यायचं ते याच आठवड्यात.