वाचकांचे प्रश्न : गच्चीवरचा माफिया

प्रश्न : कोजागरीला आम्ही अकरा जण सोसायटीच्या गच्चीवर ‘माफिया’ खेळतो. रात्री सगळे डोळे मिटतात आणि लपलेले माफिया एकाला बाद करतात; दिवसा सगळे चर्चा करून, मत देऊन संशयिताला बाहेर काढतात. चिठ्ठ्यांवरूनच भूमिका फुटतात आणि पहिल्याच रात्री आउट झालेला माणूस शेवटपर्यंत नुसता बसून राहतो. काय बदलावं? (इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : चिठ्ठ्या सोडा, पत्ते वाटा. चिठ्ठीची घडी ओळखू येते, शाई आरपार दिसते. एक जण खेळ चालवणारा सूत्रधार झाला की खेळणारे उरतात १०. दोन काळे राजे माफिया, बदाम राणी डॉक्टर (रात्री एकाला वाचवणारा), बदाम गुलाम डिटेक्टिव्ह (एक जण माफिया आहे का, हे रात्री सूत्रधाराकडून जाणून घेणारा) आणि लाल आकड्यांची सहा पानं नागरिक. माणूस बाद झाला की त्याचं पान सगळ्यांना दाखवा.

पहिल्या रात्री कोणालाच मारू नका. माफियांनी एकमेकांना ओळखायचं, डिटेक्टिव्हने एकाचा तपास करायचा, बस. याने नागरिकांचं पारडं जड होत नाही. दिवस २ माफिया विरुद्ध बाकीचे ७ असा सुरू होवो की २ विरुद्ध ८ असा, डॉक्टरने कोणाला वाचवलं नाही तर निरपराधाला बाहेर काढण्याच्या दोनच चुका नागरिकांच्या बाजूला परवडतात. तिसरीनंतर माफिया संख्येने बरोबरीला येऊन जिंकतात. तिसरा माफिया मात्र घेऊ नका, मग एकच चूक परवडते.

रात्री सगळ्यांनी मांडीवर हलकी थाप चालू ठेवावी, नाहीतर बांगड्या आणि खुर्च्या चुगली करतात. डॉक्टर बाद झाला असला तरी सूत्रधाराने ‘डॉक्टर, डोळे उघडा’ म्हणून तेवढाच वेळ थांबायचं.

१९८६ मध्ये मॉस्को राज्य विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री डेव्हिडॉव्हने हा खेळ रचला, तो सगळं माहीत असलेले थोडे विरुद्ध काहीच माहीत नसलेले पुष्कळ असा. पुष्कळांच्या हाती फक्त बोलणं आणि मतं. म्हणून चर्चेआधी प्रत्येकाने संशय कोणावर आणि का, हे दोन वाक्यांत सांगावं; गप्प माणसाला उगाच बाहेर काढणं त्यानेच थांबतं. चर्चा ४ मिनिटं, मग ‘एक, दोन, तीन’ म्हणत सगळ्यांनी एकदमच बोट दाखवायचं. एकेकाने मत दिलं की मागचे पुढच्यांची री ओढतात. चेहऱ्यांवर फार विसंबू नका, निरपराध माणूसही आरोप झाला की गडबडतो. एक माफिया सापडला, की आधीच्या फेऱ्यांत त्याला कोण वाचवत होतं ते आठवा. दुसरा बहुधा तिथेच सापडतो.

प्रश्न : घरी सहाच जण असू, आजीही खेळणार असेल तर? (नाशिक रोड)

उत्तर : मग शब्दांचा खेळ घ्या. न खेळणाऱ्या एकाने चार जणांना ‘मिसळ’ आणि एकाला ‘उसळ’ लिहून द्यायचं. वेगळा शब्द आपलाच आहे, हे त्यालाही ठाऊक नसतं. दोन फेऱ्यांत प्रत्येकाने एकेका शब्दाने खूण सांगायची, मग मतदान. पकडलेल्याने बाकीच्यांचा शब्द ओळखला तर तो जिंकला. ‘चहा’ आणि ‘बैलगाडी’ अशी जोडी पहिल्याच फेरीत उघडी पडते. ‘चिवडा’ आणि ‘भडंग’ छान रंगते.