फक्त सही करा म्हणतील, करू नका

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातला शेतकरी. कृषी केंद्र जोरात होतं तेव्हा तालुक्याच्या रोटरी क्लबात गेलो. समाजाचं मंडळ, दुर्गोत्सव मंडळ, भजनी मंडळ हे आधीपासूनच. आता दुकान बंद, साडेचार एकर कोरडवाहू वावर उरलं. सगळीकडची वर्गणी झेपत नाही. समाजाच्या मंडळानं १८,६०० रुपये बाकी काढली : सहा वर्षांची वर्गणी ३,०००, भवन निधी ११,०००, दंड ४,६००. भरली नाही तर ‘पोरीच्या लग्नात समाजातलं कोणी पाय ठेवणार नाही’ असं सचिव म्हणाले. कोर्टात खेचतील का?

उत्तर : भाऊ, कोर्टाचं नंतर. उद्या सचिव रजिस्टर घेऊन येतील आणि म्हणतील, ‘पैसे तूर निघाल्यावर द्या, आज फक्त बाकी मान्य म्हणून सही करा.’ ती सही करू नका. वसुलीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो, म्हणजे सहापैकी पहिल्या तीन वर्षांचे १,५०० रुपये मुदतबाह्य झाले. पण ‘देईन’ असं लिहून खाली सही केली, की करार कायद्याच्या कलम २५ मुळे मेलेली बाकीही जिवंत होते. सही करून मग वकिलाकडे येणारे पुष्कळ.

मंडळ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेलं असेल तर थकीत वर्गणीसाठी दिवाणी दावा लावता येतो. पोलिसांचं त्यात काम नाही. मात्र ती वर्गणी नियमावलीनं बंधनकारक असावी लागते. धर्मादाय कार्यालयातून नियमावलीची प्रमाणित प्रत काढा. तिच्यात दंड नसेल तर ४,६०० चा विषय संपला.

भवन निधीचं जरा नाजूक आहे. मेळाव्यात माईकवर नाव पुकारतात, टाळ्या पडतात, आपण अकरा हजार बोलून बसतो. नुसती बोललेली देणगी सहसा वसूल होत नाही. पण १८८६ मध्ये हावड्याच्या टाऊन हॉलसाठी शंभर रुपये कबूल केलेल्या माणसाला कलकत्ता उच्च न्यायालयानं ते भरायला लावले, कारण वर्गणीदारांच्या भरवशावर ठेकेदाराशी करार झाला होता. तेव्हा तुम्ही आकडा लिहून दिला होता का आणि त्यावर बांधकाम सुरू झालं का, ते मला कळवा.

लग्नाची धमकी मात्र सोडू नका. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे : तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जातपंचायत, म्हणजे इथे तुमचं समाजाचं मंडळ, नोंदणीकृत आहे की नाही, यानं फरक पडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर काही आलं असेल तर पुसू नका. कोणासमोर बोलले, कोणत्या तारखेला, वहीत लिहून ठेवा. तक्रार ठाण्यात किंवा थेट मॅजिस्ट्रेटकडे करता येते. सोयरिकीच्या दिवसांत तक्रार जड जाते, हे मला कळतं. बरेचदा वकिलाची एक नोटीसच पुरते.

खर्च कमी करायचा तर समाजाच्या मंडळाला १,५०० चेकनं द्या, सोबतच्या पत्रात ‘फक्त मागील तीन वर्षांची वर्गणी’ असं लिहा. तीन महिन्यांवर थकबाकी असली तर सभेत मत धरत नाहीत, म्हणून एवढं भरलेलं बरं. दुर्गोत्सवाची वर्गणी ऐच्छिक, जमेल तेवढी. भजनी मंडळाचे वीस रुपये चालू द्या, त्यात काय जातं! रोटरीचं आंतरराष्ट्रीय शुल्क १ जानेवारी आणि १ जुलैच्या सदस्यसंख्येवर लागतं, त्यामुळे लेखी राजीनामा डिसेंबरातच द्या आणि अध्यक्षांची तारखेसह पोच घ्या.