हँडलवालं बिडाचं यंत्र : जातं, चक्की की आणखी काही?

प्रश्न असा आहे : पंचवटीतल्या एका वाड्याच्या माळ्यावर टेबलाच्या कडेला आवळून बसवायचं, हाताने फिरवायचं बिडाचं यंत्र निघालं. वर नसराळं, बाजूला दांडा, अंगावर '१०' हा आकडा. घरात कुणी त्याला चक्की म्हणतं, कुणी खिम्याचं मशीन, कुणी शेवयांचं. 'हातजातं' म्हटलं तर चालेल का?

व्युत्पत्तीने चालेल, वापराने नाही. 'जातं' हा शब्द संस्कृत 'यंत्र'पासूनच आला आहे. पण मराठीने तो दोन दगडांमध्ये दाणा दळणाऱ्या साधनासाठी राखून ठेवला. खुंटा, वैरण (जात्यात घालायची दाण्यांची मूठ), टाकी लावणं (गुळगुळीत झालेला दगड ठोकून खरबरीत करणं) हे सगळे शब्द त्या दगडाला धरून आहेत. 'चक्की'चा अर्थ थोडा सैल, लोखंडी दातांच्या यंत्रालाही ती शोभते. मात्र आत काहीतरी दळलं गेलंच पाहिजे.

खरा निवाडा क्रियापदाने होतो. आपण गहू दळतो, हरभरा भरडतो, चटणी वाटतो, मिरची कुटतो, खोबरं किसतो, शेवया पाडतो. या प्रत्येक कामाला आतली रचना वेगळी लागते. तेव्हा यंत्र आत काय करतं ते आधी बघावं आणि नाव त्यावरून द्यावं. दांडा आणि नसराळं सगळ्यांना सारखंच असतं, त्यावरून काही ठरत नाही. माल बाहेर पडतो ते तोंड उघडा.

तोंडावरची आट्यांची कडी बहुधा गंजून बसलेली असते. आट्यांत रॉकेल सोडून रात्रभर ठेवा आणि सकाळी लाकडी दांडक्याने चहूबाजूंनी हलके ठोके द्या. लोखंडी हातोडी नको, बीड वाकत नाही, सरळ तडकतं.

कडी निघाल्यावर भोकांची जाळी आणि तिच्यामागे चार पात्यांची फुली मिळाली, शिवाय आतल्या मळसूत्राचं, म्हणजे दांड्याने फिरणाऱ्या मोठ्या स्क्रूचं, टोक चौकोनी असलं, तर ते खिमायंत्रच. मळसूत्र मांस पुढे रेटतं, चौकोनी टोकावर बसलेलं पातं मळसूत्राबरोबर फिरतं आणि जाळीला घासून ते चिरतं. इथे दळणं होतच नाही, म्हणून 'चक्की' हे नाव साफ चुकीचं. पात्याची सपाट, धारेची बाजू जाळीकडे हवी. उलटी बसली की मांस चिरलं न जाता चेचलं जातं आणि शिरा पात्याभोवती गुंडाळतात. कडी ढिली राहिली तरी तेच होतं. अंगावरचा १० हा आकडा याच जातीकडे बोट दाखवतो. फिलाडेल्फियाच्या 'एंटरप्राइझ' कंपनीच्या मापांवरून ५, ८, १०, २२, ३२ हे क्रमांक रूढ झाले आणि १० नंबरची जाळी सुमारे ७ सेंटीमीटर व्यासाची असते. पण आकडा एकटा पुरावा नव्हे, इतर यंत्रांवरही आकडे ओतलेले असतात. जाळी मोजून बघा.

जाळी मुळीच नाही आणि दातेरी चकती तोंडाबाहेरच फिरते, असं असेल तर ते अमेरिकेतल्या लँडर्स, फ्रेरी अँड क्लार्कच्या 'युनिव्हर्सल'सारखं यंत्र. ते मांसाइतकंच भाजी, पाव, सुकामेवा चिरण्यासाठीही विकलं जाई. त्याला 'खिमायंत्र' म्हटलं तर अर्धंच काम सांगितल्यासारखं होईल. 'चिरयंत्र' हा शब्द मला अधिक पटतो. देवळालीला इंग्रजांची छावणी आणि बंगले होते, त्यामुळे नाशिकच्या आसपास विलायती बनावटीची अशी यंत्रं आढळली तर नवल वाटू नये.

वाड्यातलं असल्यामुळे शेवयांच्या यंत्राची शक्यताही सोडू नका. मळसूत्र त्यालाही असतं आणि तेही पाटाला किंवा बाजेला आवळूनच वापरतात. फरक पात्याचा : शेवयांच्या यंत्राला पातं नसतं, चौकोनी टोकाची गरज नसते आणि जाळीची भोकं अगदी बारीक असतात. घट्ट कणीक नुसत्या दाबाने बाहेर येते. हे यंत्र पितळीही असतं. लोहचुंबक लावा, पितळेला चिकटणार नाही.

'चक्की' म्हणायला हरकत नाही ती समोरासमोर दातेरी चकत्या असलेल्या यंत्राला. तिची पक्की खूण म्हणजे चकत्यांमधलं अंतर कमी-जास्त करणारा स्क्रू. खिमायंत्रावरचा पंखी नट फक्त दांडा धरून ठेवतो, त्याने बारीक-जाड होत नाही. गव्हाचं पीठ अशा चक्कीत एका दमात निघत नाही. आधी भरडा काढायचा, मग स्क्रू आवळून पुन्हा दळायचं. रिकामी फिरवली तर दात दातांवर घासून लोखंडाचा चुरा पिठात येतो. शेंगदाणे, तीळ घातले की तेल सुटून दात बुजतात. आणि खिमायंत्रात कोरडा गहू घातला तर दाणा पात्याखाली अडकतो, पातं बोथटतं, कधी दांडाच वाकतो.

खाली लाकडी खण आणि आत दातेरी शंकू असेल तर ती कॉफीची चक्की. पातेल्यावर ठेवायचं, चाळणीसारख्या बुडावर पातं फिरणारं भांडं असेल तर ते आपलं पुरणयंत्र. फ्रान्समध्ये जाँ मांतले यांनी १९३२ साली याच तत्त्वाचं भाजी गाळायचं यंत्र काढलं. पुरण त्यातून गरम असतानाच काढावं, गार झालं की भोकं बुजतात.

तेव्हा तुमच्या यंत्राची नोंद करताना 'खिमायंत्र, बिडाचं, १० नंबर' असं लिहा, अर्थात पातं आणि जाळी सापडली तरच. ते सुटे भाग हरवले असतील तर 'मळसूत्री यंत्र, तोंडाचे भाग नाहीत' एवढंच लिहिणं बरोबर. आतला मुलामा उडून काळं बीड दिसत असेल तर त्यात अन्न घालू नका.