दुसरा गेमिंग कन्सोल भिशीच्या पैशातून घ्यावा का?

इंदूरच्या सुदामा नगरातून एका वाचकांनी सविस्तर पत्र पाठवले आहे. ते पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरीला आहेत आणि पत्नी घरी शिकवण्या घेतात. घरात टीव्हीला जोडून खेळायचा एक कन्सोल, प्लेस्टेशन 5 (पीएस5), असून अकरावी आणि आठवीत शिकणारी दोन्ही मुले त्यावर ‘ग्रॅन टुरिझ्मो 7’ हा मोटारशर्यतीचा खेळ खेळतात. एकाच पडद्याचे दोन भाग करून खेळताना रोज कुरबुर होते, म्हणून दुसरा कन्सोल घेऊन दोन्ही यंत्रे एकमेकांना जोडावीत आणि प्रत्येकाला आपापला पूर्ण पडदा मिळावा, असा मुलांचा आग्रह आहे. जेल रोडवरील दुकानदाराने 54,990 रुपये किंमत सांगितली आहे. रोख दिल्यास 3,000 रुपयांची सूट, नाहीतर ‘नो कॉस्ट’ हप्त्यांवर दरमहा 6,110 रुपयांचे नऊ हप्ते. याच महिन्यात त्यांची 60,000 रुपयांची भिशी लागली आहे. हप्त्यांवर घ्यावा, भिशीतून घ्यावा, की मोठ्या मुलाचा मित्र 14,000 रुपयांना देऊ करत असलेला जुना प्लेस्टेशन 4 घ्यावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

आपण सगळे आकडे मोकळेपणाने लिहिलेत, त्यामुळे उत्तरही नेमके देता येईल. आपल्या दोघांचे मिळून महिन्याला सुमारे 67,000 रुपये हातात येतात. गृहकर्जाचा हप्ता 17,500, घरखर्च 33,000, मोठ्या मुलाचा क्लास 6,000 आणि भिशी 5,000 वजा जाता 5,500 रुपये उरतात. बँकेत 90,000 रुपयांची मुदत ठेव आहे आणि एप्रिलमध्ये दोन्ही मुलांची शाळेची वार्षिक फी व पुस्तके मिळून 18,000 रुपये लागणार आहेत.

प्रथम भिशीबद्दल लिहितो, कारण आपल्या पत्रात ‘भिशीचे साठ हजार आलेच आहेत’ असे वाक्य आहे आणि माझ्या मते संपूर्ण निर्णय त्या वाक्यावर अडखळतो. बारा जणांच्या भिशीत आपला क्रमांक पाचवा लागला. म्हणजे या महिन्याचा धरून आपण आजवर 25,000 रुपये भरलेत आणि उरलेले 35,000 रुपये पुढचे सात महिने भरायचे आहेत. हातात आलेल्या साठ हजारांपैकी पंचवीस हजार आपले आहेत. पस्तीस हजार इतर सभासदांनी आपल्याला बिनव्याजी उसने दिलेले आहेत. भिशी ही आपल्या माळव्यातल्या घरांनी निष्ठेने जपलेली व्यवस्था आहे आणि तिच्यामागे कागदापेक्षा शब्द मोठा असतो. म्हणूनच हे पैसे खर्च झाल्यावर एखाद्या महिन्यात हप्ता चुकला, तर त्याची बोच बँकेच्या दंडापेक्षा अधिक लागते. हे 35,000 रुपये आजच वेगळ्या बचत खात्यात टाकावेत आणि भिशीचे उरलेले सातही हप्ते तेथूनच द्यावेत, असा माझा आग्रह आहे. असे केल्यास दरमहा पगारातून जाणारे 5,000 रुपये मोकळे होतात आणि महिन्याची शिल्लक 5,500 वरून 10,500 वर जाते.

आता हप्त्यांचा विचार करू. दुकानदाराच्या दृष्टीने ती योजना बिनव्याजी असली, तरी रोख घेणाऱ्याला मिळणारी 3,000 रुपयांची सूट आपण सोडत आहात, आणि तेच या योजनेचे व्याज आहे. 51,990 रुपयांची वस्तू घेऊन नऊ महिन्यांत 54,990 रुपये फेडायचे, आणि मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते हे लक्षात घेतले, तर वार्षिक दर सुमारे साडेतेरा टक्के पडतो. क्रेडिट कार्डावर प्रक्रिया शुल्क आणि त्यावरील 18 टक्के जीएसटी लागला, तर तो पंधराच्या जवळ जातो. एवढ्यापुरते ते सह्य म्हणता आले असते. परंतु आपली आजची मासिक शिल्लक 5,500 आहे आणि हप्ता 6,110 चा आहे. पहिल्याच महिन्यापासून घरखर्चाला कात्री लावावी लागेल, आणि दोन महिन्यांत फीचे 18,000 रुपये ठेव मोडून काढावे लागतील. त्यामुळे हा पर्याय मी बाजूला ठेवतो.

यापुढचा भाग यंत्रांच्या जोडणीचा आहे आणि त्याचा खर्चाशी थेट संबंध आहे. आपल्या मेव्हण्यांनी सांगितले की दोन कन्सोलांमध्ये एक केबल टाकली की काम झाले. पहिल्या प्लेस्टेशनला अशी जोडकेबल होती, आणि 2001 साली आलेल्या पहिल्या एक्सबॉक्सवर ‘सिस्टिम लिंक’ या सोयीने दोन यंत्रे एका नेटवर्क केबलने थेट जोडता येत, ही गोष्ट खरी आहे. तेव्हाही प्रत्येक यंत्राला स्वतंत्र टीव्ही आणि बहुतेक खेळांना स्वतंत्र डिस्क लागतच असे. आपली मुले खेळतात त्या खेळात मात्र दोन यंत्रांची शर्यत इंटरनेटवरूनच होते: दोन्ही कन्सोल घरच्या राउटरला जोडायचे, दोघांनी आपापल्या खात्याने प्रवेश करायचा आणि एकाने खेळात उघडलेल्या ऑनलाइन ‘खोलीत’ दुसऱ्याने यायचे. मधे भिंत एकच असली तरी ब्रॉडबँड बंद पडले की शर्यत थांबते. राउटरपासून दोन्ही यंत्रांपर्यंत साधी लॅन केबल ओढून घेतली, तर वायफायपेक्षा जोडणी स्थिर राहते आणि त्याला फारसा खर्च येत नाही.

ऑनलाइन शर्यतीसाठी प्लेस्टेशन प्लसचे सदस्यत्व लागते. ते मोठ्या मुलाच्या खात्यावर वर्षभरासाठी घेतलेले आहे, असे आपण लिहिले आहे. येथे दुसऱ्या सदस्यत्वाचा खर्च वाचू शकतो. ज्या पीएस5 वर त्या खात्याचे ‘कन्सोल शेअरिंग’, म्हणजे खात्याच्या सोयी त्या यंत्रावरील इतर खात्यांनाही वापरू देणारी सेटिंग, चालू आहे, त्या यंत्रावर धाकट्याला स्वतःच्या खात्याने ऑनलाइन खेळता येते, आणि मोठा त्याच वेळी दुसऱ्या यंत्रावर आपल्या खात्याने खेळू शकतो. डिजिटल स्वरूपात विकत घेतलेल्या खेळालाही हीच सोय लागू आहे. दोन पीएस5 असतील तर एका डिजिटल प्रतीत दोन्ही मुलांचे भागते. आपल्याकडे मात्र खेळाची डिस्क आहे, आणि डिस्क ज्या यंत्रात असेल तेथेच खेळ चालतो. दुकानदार आपल्याला डिस्कचा खण नसलेला, थोडा स्वस्त डिजिटल कन्सोल सुचवत आहे. तो घेतलात आणि त्याला डिस्कचा खण वेगळा घेऊन जोडला नाही, तर जुन्या डिस्क घेणे, मित्रांकडून आणणे आणि खेळून झाल्यावर विकणे हे तीनही मार्ग त्या यंत्रापुरते बंद होतात आणि पुढचा प्रत्येक खेळ कंपनीच्या दुकानातून, त्यांच्या भावाने घ्यावा लागतो. मध्यमवर्गीय घरात जिथे डिस्कची अदलाबदल चालते, तिथे ही बचत पहिल्या दोन-तीन खेळांतच संपते.

दुसऱ्या पडद्यासाठी आपण आपल्या मातोश्रींच्या खोलीतला 32 इंची टीव्ही धरला आहे. या ओळीपाशी मी थांबलो. संध्याकाळी मुलांची शर्यत आणि मातोश्रींच्या मालिका व कीर्तन यांची वेळ एकच आहे, हे आपणच पत्रात अन्यत्र लिहिले आहे. तो टीव्ही मुलांकडे गेला तर काही महिन्यांत घरात आणखी एक टीव्ही घ्यावा लागेल, आणि तो खर्च आज हिशेबात नाही. शिवाय ज्यांनी तक्रार करायची नाही असे ठरवले आहे, त्यांच्या वाट्याची वस्तू उचलून केलेली बचत मला बचत वाटत नाही. शर्यतीसाठी आठवड्यातून ठरावीक वेळच तो टीव्ही घ्यायचा, आणि त्यांना विचारून घ्यायचा, या अटीवरच मी तो हिशेबात धरतो.

विजेचा मुद्दा पत्रात नाही, पण सोबत पाठवलेल्या बिलांवरून तो लक्षात आला. थंडीत आपला वापर महिन्याला 138 ते 145 युनिट आहे. मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेखाली महिन्याला 150 युनिटांपर्यंत वापर असलेल्या घराला पहिल्या 100 युनिटांचे 100 रुपयेच पडतात. 150 ची मर्यादा ओलांडली की त्या महिन्याची ती सवलत जाते. खेळ चालू असताना पीएस5 साधारण 200 वॅट घेतो, आणि 32 इंची टीव्हीचे पन्नासेक वॅट धरले तर रोज दोन तास खेळल्यास या दुसऱ्या जोडीचे महिन्याला सुमारे 15 युनिट होतात. एवढ्याने आपण नेमके त्या मर्यादेच्या पलीकडे जाता आणि बिल काही शे रुपयांनी वाढते. जुन्या पीएस4 चा वापर याहून कमी असतो. शनिवार-रविवार दोन-दोन तास खेळले, तर महिन्याला तीनेक युनिटांवर हिशेब थांबतो आणि सवलत टिकते. मातोश्रींच्या टीव्हीचा प्रश्नही त्याच वेळापत्रकात सुटतो. उन्हाळ्यात कूलर लागल्यावर आपण मर्यादेबाहेर जातच असाल, पण थंडीतले चार महिने तरी हातचे सोडू नयेत.

मोठ्या मुलाला ऑटोमोबाइल अभियंता व्हायचे आहे, म्हणून कन्सोल हा शिक्षणाचा खर्च मानावा का, असे आपण विचारले आहे. मी तसे मानणार नाही. हा करमणुकीचा खर्च आहे आणि करमणुकीवर खर्च करण्यात गैर काही नाही. दोन भाऊ एकत्र बसून काही खेळतात, याची किंमत मी कमी लेखत नाही. परंतु शिक्षणाचे नाव दिले की खर्चाची मर्यादा सुटते, आणि कन्सोलनंतर स्टीअरिंग व पेडलांचा संच, मग तो बसवायचा स्टँड, ही मागणी त्याच नावाखाली येते. करमणूक म्हणून एक रक्कम ठरवावी आणि तिच्या आत मुलांना निवड करू द्यावी.

ती रक्कम किती असावी, हे आपल्या आणीबाणीच्या तरतुदीवरून ठरते. कर्जाचा हप्ता, घरखर्च आणि क्लास मिळून महिन्याला 56,500 रुपये अटळ आहेत. नव्वद हजारांची ठेव दोन महिनेही पुरत नाही, आणि खासगी नोकरीत किमान तीन महिन्यांची, म्हणजे सुमारे 1,70,000 रुपयांची तरतूद हवी. भिशीतील आपल्या स्वतःच्या 25,000 पैकी 16,000 रुपये या कामाला मोकळे करावेत, उरलेले 9,000 ठेवीत घालावेत, असे मला सुचवावेसे वाटते. मोकळी झालेली 10,500 रुपयांची मासिक शिल्लकही तिकडेच वळवली, तर फीचे 18,000 वजा जाऊनही नऊ महिन्यांत, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, ही तरतूद पूर्ण होते.

16,000 रुपयांत मित्राचा पीएस4 आणि खेळाची जुनी डिस्क एवढे बसते. हा खेळ पीएस4 वरही निघालेला आहे आणि पीएस4 व पीएस5 वरचे खेळाडू एकमेकांविरुद्ध शर्यत लावू शकतात, म्हणून मुलांची मूळ इच्छा यातून पूर्ण होते. डिस्क मात्र पीएस4 चीच घ्यावी. पीएस5 ची त्यात चालणार नाही. सदस्यत्वासाठी मोठ्या मुलाच्या खात्यावर तो पीएस4 ‘प्रायमरी’, म्हणजे त्या खात्याचा मुख्य पीएस4, म्हणून नोंदवावा. पीएस5 वरील शेअरिंग त्यामुळे जात नाही. पीएस4 हे 2013 साली बाजारात आलेले यंत्र आहे, शर्यत उघडायला ते अधिक वेळ घेते आणि चित्रही उतरते असते, त्यामुळे त्यावर कोणी बसायचे यावरून वाद होईल. एक आठवडा एकाने, दुसरा आठवडा दुसऱ्याने, एवढे आधीच ठरवून टाकावे.

पैसे देण्यापूर्वी त्या मित्राकडून यंत्र एका शनिवार-रविवारसाठी घरी आणावे. पडदा विभागून खेळण्याची सोय या खेळात मुळात आहेच. नोव्हेंबर 2023 पासून पीएस5 वर चार जणांनाही तसे खेळता येते. स्वतंत्र पडद्याने मुलांना खरोखर किती फरक पडतो, हे दोन दिवसांत दिसेल. त्याच दोन दिवसांत डिस्क आत जाते-येते का, तासभर खेळल्यावर पंख्याचा आवाज वाढून यंत्र बंद पडते का, एचडीएमआयची खाच सैल आहे का, हेही कळेल. मित्राने आपले खाते त्यावरून काढून टाकल्याशिवाय व्यवहार करू नये, आणि रक्कम मुलाच्या हाती न देता आपण स्वतः मित्राच्या वडिलांना यूपीआयने द्यावी, म्हणजे दोन्ही घरांना त्याची नोंद राहील.

त्याच वेळी दोन्ही मुलांच्या खात्यांवरून आपले कार्ड काढून टाकावे. या खेळात मोटारी घेण्यासाठी लागणारी नाणी खऱ्या पैशानेही विकली जातात. धाकट्याचे खाते आपल्या खात्याखाली बाल-खाते म्हणून नोंदवल्यास मासिक खर्चाची मर्यादा शून्य ठेवता येते, आणि सदस्यत्वाचे आपोआप होणारे नूतनीकरणही बंद करता येते.

दिवाळीनंतरही मुलांना नवा पीएस5 हवासा वाटला, तर त्याच 10,500 रुपयांच्या शिल्लकेतून पाच महिन्यांत तो रोखीने घेता येईल. नवी यंत्रे कालांतराने आपोआप स्वस्त होतात या समजुतीवर विसंबू नये. 2 फेब्रुवारी 2021 रोजी भारतात आलेला डिस्कवाला पीएस5 तेव्हा 49,990 रुपयांना होता आणि पुढे तो 54,990 वर गेला. कंपनी अधूनमधून काही हजारांची सूट जाहीर करते, ती रोख पैसे हाताशी असणाऱ्याला घेता येते. त्या वेळी जुना पीएस4 विकून जे मिळेल ते वजा धरावे, आणि पुढची भिशी लावायचीच असेल तर शेवटचे क्रमांक मागून घ्यावेत.