लॉगबुक सर भरतील, तो प्रश्न नाही

*मावशी, मी सतरा वर्षांची आहे. इथल्याच एका शाळेत ए लेव्हल, म्हणजे इंग्लंडच्या पद्धतीची बारावी, करते आहे. विषय मॅथ्स, जिऑग्राफी, इकॉनॉमिक्स. मार्क बरे आहेत. पुढे इंग्लंडला शिकायला जायचं बाबांच्या मनात आहे आणि माझ्याही. शाळा म्हणते, सोबत ईपीक्यू नावाचा प्रोजेक्ट घे, युनिव्हर्सिटीत वजन पडतं. आई म्हणते, तीन विषय नीट कर, चौथं लोढणं कशाला. मैत्रिणी म्हणतात, अर्ध्या ए लेव्हलसाठी एवढी मरमर कोण करतं? बाबांनी एका सरांशी बोलून ॲडव्हान्सही दिला आहे. टायटल त्यांनी दिलंय, ‘क्लायमेट चेंज आणि जागतिक अर्थव्यवस्था’. कामाची नोंद ठेवायचं लॉगबुकही तेच भरून देतील, त्यामुळे तो प्रश्न नाही. प्रश्न एवढाच की घ्यावं की नाही? पंधरा दिवसांत शाळेला सांगायचं आहे.*
*— गोंधळलेली, अंबाझरी लेआउट, नागपूर*

पोरी,

तुझं पत्र वाचता वाचता चहा गार झाला. ‘लॉगबुकही तेच भरून देतील, त्यामुळे तो प्रश्न नाही.’ बाप्पा! आई काय म्हणते, मैत्रिणी काय म्हणतात, ते सगळं सविस्तर लिहिलंस आणि हे मात्र असं जाता जाता, जसं काही स्कूटीत पेट्रोल बाबा भरतात.

आधी हिशोब उरकते, कारण तुझ्या बाबांना तोच लागेल. ईपीक्यू म्हणजे एक्स्टेंडेड प्रोजेक्ट क्वालिफिकेशन. एक प्रश्न स्वतः निवडायचा, त्यामागे साधारण 120 तास घालवायचे, त्यातले 90 च्या आसपास एकटीने. शेवटी 5,000 शब्दांचा रिपोर्ट आणि एक प्रेझेंटेशन. ए स्टार मिळाला तर तिकडच्या प्रवेशाच्या हिशोबात 28 पॉइंट, पूर्ण ए लेव्हलच्या 56 च्या निम्मे. तिकडच्या काही युनिव्हर्सिट्या ईपीक्यूत ए असेल तर विषयांमधली एक ग्रेड सोडून ऑफर देतात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ते ऑफरच्या अटीत धरत नाहीत, पण त्यातून काय शिकलात ते अर्जात लिहिलेलं त्यांना हवं असतं. 2026 च्या प्रवेशापासून यूकासच्या, म्हणजे तिकडच्या सगळ्या युनिव्हर्सिट्यांसाठीच्या एकत्रित, अर्जात सलग निबंधाऐवजी तीन प्रश्न असतात, आणि तुमच्या शिक्षणाने तुम्हाला या कोर्ससाठी कसं तयार केलं, हा त्यातला एक. तिथे लिहायला काहीतरी खरं हाताशी लागतं. इंग्लंड बारगळलं, तर मात्र जेईई, नीट, सीयूईटीला याचा काडीचा उपयोग नाही. तुझे तीन विषय लंगडत असते तर मी आईच्या बाजूने उभी राहिले असते. मार्क बरे आहेत म्हणतेस, मग आईची काळजी बाजूला ठेवू.

आता लॉगबुक.

बाबांवर मी इथे तोंड टाकणार नाही. मुलीची वाट सोपी करावी म्हणून पैसे मोजणारे बाप या गावात गल्लोगल्ली आहेत. मला राग तुझा आलाय. तू सतरा वर्षांची आहेस, इकॉनॉमिक्स शिकतेस, आणि दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर आपलं नाव घालायचं, हे तुला ‘प्रश्न नाही’ या खात्यात टाकावंसं वाटलं. हे काम माझंच आहे, अशी सही तुला करावी लागते. तुझ्या शाळेतल्या सुपरवायझरलाही करावी लागते. त्या बाईंनाही तू यात ओढणार आहेस, हे डोक्यात आलं का?

आणि ते लॉग म्हणजे शेवटच्या आठवड्यात रात्रभर जागून उतरवायचं जर्नल नव्हे. आज हा प्रश्न घेऊन बसले, चार दिवसांनी कळलं की तो फार मोठा आहे, म्हणून छोटा केला. अमुक आकडे सापडले, पण ते कुठून आले ते कळेना, म्हणून सोडून दिले. अमक्यांना फोन केला, त्यांनी उचललाच नाही. असं सगळं त्यात लिहायचं असतं. मार्क नुसत्या रिपोर्टला नसतात, तू काम कसं आखलंस आणि कुठे वळवलंस, यालाही असतात. सर रिपोर्ट लिहून देतील गं, झकास देतील. पण तुझ्या चुका सर कशा करतील?

मला हे कुणी शिकवलं, तेही सांगते. बी.एस्सी.ला आम्हाला मातीतला ओलावा मोजायचं प्रॅक्टिकल होतं. माती तोलायची, ओव्हनमध्ये वाळवायची, पुन्हा तोलायची. मी त्या दिवशी मैत्रिणीबरोबर बर्डीवर गेले होते. पुढे एका सीनियरचं जर्नल आणलं आणि आकडे दशांशासकट उतरवून काढले. परीक्षेला बाहेरगावचे एक्स्टर्नल आले. जर्नल चाळलं, अक्षराचं कौतुक केलं. मी खूश. मग म्हणाले, “छान. ही माती ज्या तराजूवर तोललीत, तो जरा घेऊन या.”

लॅबमध्ये तीन कपाटं होती. पहिलं उघडलं, त्यात बरण्या. दुसरं उघडलं, त्यात झाडू आणि फाटके ॲप्रन. तिसऱ्याला कुलूप. लॅब असिस्टंट भाऊ छताकडे बघत उभे. त्यांना माहीत होतं किल्ली कुठे आहे ते. मला हेही माहीत नव्हतं की किल्ली त्यांच्याकडे असते. मार्क किती पडले ते विचारू नकोस. आता पासष्टी उलटली, तरी कुलूप लावलेलं कपाट दिसलं की माझे कान गरम होतात.

तुझ्या प्रेझेंटेशननंतर समोरचे प्रश्न विचारतात. तो ईपीक्यूचाच भाग आहे. कुणीतरी साधंच विचारेल, “हाच विषय का घेतलास?” काय सांगशील?

तसंही ते टायटल काय आहे? ‘क्लायमेट चेंज आणि जागतिक अर्थव्यवस्था’! यावर 5,000 शब्दांत काय होणार? प्रस्तावनाही व्हायची नाही. त्या सरांनी हेच टायटल आणखी किती पोरांना वाटलंय, देव जाणे. तू राहतेस अंबाझरी लेआउटमध्ये. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी तुमच्या भागातल्या घरांत शिरली. तेव्हा तू शाळकरी पोर होतीस. पण आठवत असेल ना? ओल्या गाद्या गच्चीवर, बंद पडलेले फ्रीज फाटकाबाहेर, आणि तो चिखलाचा वास जो फिनाइलने जात नाही. कुणाच्या तरी भिंतीवर पाण्याची रेघ नवा रंग दिल्यावरही वर आली असेल. तुमच्या रस्त्यावरच्या दहा दुकानदारांना जाऊन विचार, तुमचं किती गेलं, विमा होता का, नसेल तर नंतर काढला का, आणि नाही काढला तर का नाही. जिऑग्राफीही आली, इकॉनॉमिक्सही आलं. चार जण हाकलून देतील, दोघं आकडा फुगवून सांगतील, एखादी काकू सगळं सोडून मुलाच्या लग्नाचं सांगत बसेल. हे सगळं लॉगमध्ये जातं.

थांब. मीच टायटल देऊन बसले की! मग त्या सरांत आणि माझ्यात फरक तो काय. हे विसर. तुला दुसरं काही खुपत असेल तर ते घे, त्यासाठी पंधरा दिवस पुरे आहेत.

तर ईपीक्यू घे. पण शाळेला सांगायच्या आधी, या रविवारी, त्या सरांकडे जा. तू जा, बाबांना पाठवू नकोस आणि व्हॉट्सॲपवर ‘सॉरी सर’ पाठवून मोकळी होऊ नकोस. समोर बसून सांग की मला तुमची मदत नको, टायटल परत घ्या. हे एवढंही जमणार नसेल, तर शाळेला नाही कळव आणि तीन विषय कर.

सर म्हणतील, “बेटा, सगळे असंच करतात.” वाद घालत बसू नकोस. चहा दिला तर पी, टायटलचा कागद टेबलावर ठेव आणि चप्पल घाल. ॲडव्हान्स परत मिळतो का, ते बाबा बघतील. तो त्यांचा प्रोजेक्ट.

— मावशी